उजव्या हाताची चावी

मी एक मनगटी घड्याळ बोलतोय. ऑटोमॅटिक. म्हणजे ज्याला चावी द्यावी लागत नाही, त्या जातीतलं. मनगटावर बांधलं, माणूस चालला-फिरला, हात हलला, की माझ्या पोटातली एक अर्धगोल चकती गरगर फिरते आणि स्प्रिंग आपोआप भरत जाते. अशा घड्याळानं चावीची गोष्ट सांगावी हे विचित्रच. पण माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं जे काही घडलं, ते चावीमुळेच घडलं.

कारखान्यातल्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. डोळ्याला भिंग लावलेल्या बायका, चिमट्यानं उचललेले बारीक दाते, मग खोक्यातला अंधार. नीट आठवतं ते चंद्रपूरच्या जटपुरा गेटाजवळचं एक दुकान. त्याच्या काचेच्या कपाटात मी आठ महिने पडून होतो. गिऱ्हाईक यायचं, मला उलटसुलट करायचं आणि शेजारचं चपटं, चावीचं घड्याळ घेऊन जायचं. मी जाडजूड. कुणाच्या बाहीत मावायचो नाही.

एक्याऐंशी सालच्या हिवाळ्यात एक उंच, सावळा माणूस दुकानात आला. वय पन्नाशीचं. खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं. हे खुशाल रामटेके. आलापल्लीच्या पुढं, जिथं रस्ता सागवानात शिरतो, तिथल्या एका सरकारी लाकूड डेपोत ते लठ्ठे, म्हणजे तोडून आणलेले ओंडके, मोजायचं काम करायचे. सगळे त्यांना खुशालभाऊ म्हणायचे.

“मले असं घड्याळ पायजे भाऊ,” ते दुकानदाराला म्हणाले, “का मी इसरलो तरी त्यानं इसरू नये. चावी द्याची राहून जाते अन् जंगलात घड्याळ बंद पडते.”

“मंग हे घ्या. याले चावीच लागत नाई. तुमचा हात हल्ला का याची चावी भरते. हात थांबला तं दीडेक दिवसानं हेबी थांबते.”

खुशालभाऊ मोठ्यानं हसले. “माझा हात कुठी थांबते! दिवसाले दोनशे लठ्ठे मोजतो मी.”

आणि खरंच, तो माणूस थांबत नसे. सकाळी सातला आम्ही डेपोत. सागाच्या थप्प्यांमधून फिरायचं, डाव्या हातानं फीत धरायची, लठ्ठ्याची लांबी घ्यायची, गोलाई घ्यायची, कुंचल्यानं त्याच्या तोंडावर नंबर टाकायचा, आणि सगळं वहीत उतरवायचं. माझी स्प्रिंग दुपारच्या आतच गच्च भरायची.

वहीचं पान भरलं की खाली सही. ती करताना खुशालभाऊ नेहमीची घाई सोडून देत. पेनाचं टोक आधी शर्टाच्या कडेला पुसत. मग ‘खु. ल. रामटेके’. शेवटच्या ‘के’ची मात्रा अशी उंच ओढायचे, जशी काही झेंड्याची काठी रोवतायत.

या सहीमागची गोष्ट त्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत डेपोचा चौकीदार लालसू याला सांगितली. लालसू जवळच्याच एका माडिया आदिवासींच्या गावचा. कमी बोलणारा, पण ऐकणारा असा की सांगणाऱ्याला आणखी सांगावंसं वाटावं. खुशालभाऊंचे वडील बैलगाडीवर लठ्ठे वाहायचे. जन्मभर हजेरीच्या कागदावर अंगठा. किती दिवस भरले, कागदावर काय लिहिलं, काही कळायचं नाही. खुशालभाऊही तसेच कामाला लागले, तसाच अंगठा लावू लागले. छप्पन साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा झाली आणि त्यांच्या वस्तीत रोज दिवेलागणीला पाटी-पेन्सिलीचा वर्ग सुरू झाला. सव्वीस वर्षांचा बाप्या पोरासोरांत मांडी घालून बसला. सहा महिन्यांनी पगाराच्या दिवशी शाईचा पॅड पुढं आला, तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला आणि पेन मागितलं.

“तवापासून हा अंगठा मी शाईले लावला नाई,” खुशालभाऊ म्हणाले. लालसूनं स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं आणि विडी पेटवली.

अशी तीन वर्षं गेली. चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात एक दिवस, सकाळी नऊ वाजून चौदा मिनिटांनी, खुशालभाऊंच्या हातातला कुंचला खाली पडला. त्यांनी तो उचलला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा वाकले ते तसेच कलंडले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. लालसू धावत आला, त्यांना पाठीवर घेतलं आणि बल्लारशाकडे निघालेला लाकडाचा ट्रक रस्त्यात आडवा उभा राहून थांबवला.

लकवा. उजवं अंग गेलं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात डाव्या हाताला सलाईन लावायची होती, म्हणून नर्सनं मला काढून त्यांच्या बायकोच्या, ठमाबाईंच्या हातात दिलं. ठमाबाईंनी पदराच्या गाठीत बांधलं. मी वाट बघत राहिलो. हात हलेल, चकती फिरेल. दुसऱ्या दिवशी माझी टिकटिक मंदावली. तिसऱ्या दिवशी पहाटे काटा एकदा थरथरला आणि जागीच राहिला. मी बंद पडलो.

महिन्याभरानं आम्ही घरी आलो. डेपोमागची ती दोन खोल्यांची सरकारी चाळ. खुशालभाऊ काठीच्या आधारानं अंगणापर्यंत जात. पाय फरफटत का होईना, ऐकत होता. जीभ जड होती, पण शब्द कळायचे. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर, बाजेवर ठेवला तर बाजेवर. दुसऱ्या कुणाचा हात चुकून आपल्याकडे राहिलाय, अशा नजरेनं ते त्याच्याकडे बघत. मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला. बंद पडलेलं घड्याळ वेळ सांगत नाही, पण बघणं-ऐकणं चालूच असतं.

मे महिन्यात डेपोचे बडेबाबू, म्हणजे मुख्य कारकून, गुणवंतराव घरी आले. माणूस मायाळू. येताना पिशवीभर आंबे आणले होते. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग पिशवीतून एक कागद काढला आणि शाईचा पॅड.

“खुशालभाऊ, हा अर्ज करून टाका. तब्येतीच्या कारणानं नोकरीतून मोकळं व्हाचा. पेन्शन सुरू होते, घरी आराम करा. इथी अंगठा लावला का झालं.”

खुशालभाऊंनी कागद वाचला. दोनदा वाचला. मग डाव्या हातानं उजव्या हाताचा अंगठा मुठीत झाकून घेतला.

“सही... करीन,” ते म्हणाले.

“कशी करता भाऊ? डाव्या हाताची सही चालत नाई. सर्विस बुकातल्या सहीशी जुळली पायजे.”

“उजव्यानंच करीन. याच्यावर... नाई. कामावर हजर होतो त्या कागदावर करीन. रजा किती हाय माझी?”

गुणवंतरावांनी बोटं मोजली. अर्ध्या पगाराची धरून नोव्हेंबरअखेरपर्यंत होती.

“मंग नोव्हेंबरले येतो.”

गुणवंतरावांनी ठमाबाईंकडे पाहिलं. कागद आणि पॅड पिशवीत टाकला आणि निघून गेले.

ते वळणाआड जाईपर्यंत ठमाबाई दारात उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “त्यायनं वंगाळ काय सांगितलं? अंगठा लावल्यानं माणूस का लहान होते काय?”

खुशालभाऊंनी काठी जवळ ओढली.

“मी तं जनमभर अंगठाच लावला. राशनले अंगठा, पोरीच्या शाळेत अंगठा. मंग मी लहान हाव?”

बाहेर डेपोत लठ्ठा टाकल्याचा आवाज घरात पडल्यासारखा ऐकू आला. मी माणसांबरोबर थोडीच वर्षं राहिलोय, पण एक पाहिलंय. स्वतः मोठ्या कष्टानं चढून आलेला माणूस पुढं किती चढायचं ते बघतो. शेजारी कोण राहून गेलं, तिकडं त्याची नजर जातच नाही. खुशालभाऊंनी लालसूला सहीची गोष्ट सांगितली होती, लेकीला मास्तरीण व्हायला चंद्रपूरला ठेवलं होतं. आणि ठमाबाई सत्तावीस वर्षं त्यांच्या डब्याला भाकरी बांधत होत्या.

महिनाअखेर लेक सुट्टीत आली. सत्यशीला, वीस वर्षांची, नाकावर चष्मा. आल्या आल्या तिनं मला खिळ्यावरून काढलं.

“बाबा, हे बंद काऊन ठेवलं?”

“माझ्यासारखंच हाय ते. हात थांबला... तेबी थांबलं.”

“पण याले हातानंबी चावी देता येते ना! आमच्या कॉलेजच्या बाईंकडे असंच आहे. सुट्टीनंतर त्या वीस-तीस वेळा फिरवतात, का चालू होते.”

तिनं माझी बाजूची चावी चिमटीत धरली आणि फिरवली. तीन वर्षांत मला कुणी असा हात लावलेला नव्हता. आतली स्प्रिंग करकरली. एक, दोन, पाच, दहा... काटा सरकला. टिक टिक सुरू झाली. ती सुखानं मोजत होती आणि खुशालभाऊ तिच्या अंगठ्याकडं आणि पहिल्या बोटाकडं टक लावून बघत होते. अंगठा पुढं, बोट मागं. पुन्हा अंगठा पुढं.

“थांब,” ते म्हणाले. “पेन असंच धरते ना?”

“हो. असंच.”

“आन इकडे.”

त्यांनी मला डाव्या मनगटावर बांधून घेतलं. उजवा हात काही घड्याळापर्यंत उचलला जाईना. मग त्यांनी घड्याळच हाताकडे नेलं. डावं मनगट मांडीवर, पडलेल्या उजव्या पंजाला लावून ठेवलं आणि माझी चावी त्या थंड अंगठ्याला टेकवली.

एक सांगायला हवं. आमच्या जातीच्या घड्याळांची चावी मुळातच बारीक असते, अर्धी कडेत बुडालेली. रोज कुणी फिरवणार नाही हे धरूनच बनवलेली. धडधाकट माणसाचंही बोट तिच्यावरून निसटतं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्यांना दाबायला रबरी चेंडू दिला होता. त्या हातानं चेंडू धरायच्या ऐवजी चावी पकडायची म्हणजे ज्याला उभं राहता येत नाही, त्यानं थेट झाडावर चढायला निघावं तसं. पण चेंडू दाबून सही येत नाही, एवढं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. अंगठा नुसता टेकून राहिला. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी चहानंतर अर्धा तास, दुपारी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. कपाळावर घाम यायचा. मानेच्या शिरा ताणल्या जायच्या आणि बोट जागचं हलायचं नाही. सत्यशीलाची सुट्टी संपली. जाताना ती म्हणाली, “बाबा, दुसऱ्याच्या हातून मले चिठ्ठी नका धाडू. लिहाल ती एकच लिहा, तुमच्या हातानं.” ते हसले. अर्ध्याच तोंडानं.

एकोणीस दिवस असे गेले. विसाव्या दिवशी सकाळी माझ्या चावीला एक बारीकसा धक्का बसला आणि आतला एक दाता, फक्त एक, पुढं सरकला. कट्.

“सत्यशीलाची माय!” खुशालभाऊ ओरडले. “आयकलं काय?”

ठमाबाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. “काय झालं?”

“घड्याळ वाजलं!”

“घड्याळ तं वाजतच राह्यते.”

“वाजलं नाई, फिरलं! मी फिरवलं!”

ठमाबाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “मंग बस झालं आता, चहा घ्या,” म्हणाल्या आणि आत गेल्या. पण चुलीपुढं बसून त्या पदरानं डोळे पुसत होत्या. आमच्या खोलीचं दार उघडंच होतं.

जुलैत तीन दाते झाले. मग अर्धा फेरा. मग एक पुरता फेरा, मध्ये विसावा घेत. चाळीतले लोक डोकावून जायचे. हे आपोआप चालतं ना, मग हा माणूस दिवसभर चावी का देत बसलाय, असं एकमेकांना विचारायचे. बाजाराच्या दिवशी आलापल्लीत घड्याळं दुरुस्त करणारा नथ्थू बसायचा. लालसूनं एकदा त्याला घरी आणलं. नथ्थूनं माझं मागचं झाकण उघडून आत पाहिलं आणि मान हलवली.

“खुशालभाऊ, याले रोज चावी देऊ नका. याचे दाते त्यासाठी नसते. झिजून जातील.”

“झिजू दे.”

“पण कायले? तुमचा डावा हात तं हलून राह्यला. हे आपोआप चालते.”

“घड्याळाले कोन चावी देते?” खुशालभाऊ म्हणाले. “मी हाताले देऊन राह्यलो.”

नथ्थूनं झाकण बसवलं. त्यानं एक बरं केलं. चावीच्या मुळाशी तेलाचा बारीक थेंब सोडला.

आणखी एक गोष्ट माझ्या बाजूची होती. चावीच्या घड्याळाला जास्त पीळ दिला तर ते अडतं, जोर लावला तर स्प्रिंग तुटते. माझी स्प्रिंग पूर्ण भरली की आतल्या आत सरकते. कितीही फिरवा, मी नाही म्हणत नाही. त्या पावसाळ्यात मला वाटू लागलं, की माझ्यातली ही सोय कारखान्यात कुणी याच माणसासाठी करून ठेवली असावी.

ऑगस्टात दहा फेरे झाले आणि पाटी आली.

पाटी सरकू नये म्हणून ठमाबाई ती दोन्ही हातांनी धरून समोर बसायच्या. डॉक्टरनं सांगितलं होतं, जीभ सुटायची तर मोठ्यानं वाचा. म्हणून खुशालभाऊ काढतील ते अक्षर मोठ्यानं म्हणायचे. “क... ख... ग...” एकेक अक्षर पाच-पाच मिनिटं. ‘ख’ काही केल्या जमेना, आणि नाव तर ‘ख’नंच सुरू व्हायचं. पाटीवरून पेन्सिल घरंगळली की ठमाबाई ती उचलून पुन्हा त्यांच्या चिमटीत बसवायच्या.

दुपारी दमून ते झोपायचे. झोपताना मला काढून पाटीशेजारी ठेवायचे. आणि तेव्हा मी जे बघितलं ते दुसऱ्या कुणी बघितलं नाही. ठमाबाई भांडी आवरून यायच्या, दार लोटायच्या, पाटी मांडीवर घ्यायच्या आणि नवऱ्याच्या वाकड्यातिकड्या अक्षराशेजारी स्वतःचं अक्षर काढायच्या. पहिलं काढलं ते ‘ठ’. भाकरीसारखा गोल, वर छोटा देठ. ते बघून त्यांना हसू आलं, आणि हसू दाबायला त्यांनी तोंडावर पदर धरला. मग पाटी पुसून जशीच्या तशी ठेवली. असं रोज. मी टिकटिक करत राहिलो. सांगणार तरी कुणाला?

ऑक्टोबर निम्मा झाला. चावीचे तीस फेरे एका दमात होऊ लागले होते. खुशालभाऊंनी पहिल्यांदा कागद घेतला, पेन घेतलं. पण पाटी निराळी आणि कागद निराळा. पेन्सिल जोर सहन करते. पेनाचं टोक कागदात रुतलं, शाई फाकली, ‘रामटेके’चा डोंगर झाला आणि कोसळला. दुसरा कागद. तिसरा. आठ दिवस हेच. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी कागद चुरगाळला, पेन अंगणात फेकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले,

“बलाव गुणवंतरावले. लावतो अंगठा.”

मला वाटलं, ठमाबाईंना हेच हवं होतं. मे महिन्यात त्याच तर म्हणत होत्या. त्या अंगणात गेल्या, पेन उचललं, पदराला पुसलं आणि समोर येऊन बसल्या.

“आज चावी किती झाली?”

“बारा.”

“काल?”

“तीस.”

“मंग अठरा बाकी हायेत.”

“आयकू आलं नाई का तुले? मी म्हंतो—”

“आयकलं. पयले अठरा पुरे करा. मंग बलावतो ज्याले बलावाचं त्याले.”

माझा सेकंदाचा काटा दोन वेळा फिरून आला. मग त्या अंगठ्यानं माझी चावी धरली. तेरा. चौदा. रागानं फिरवत होते, खसाखसा. तिसाव्या फेऱ्याला बोटं इतकी तापली होती की माझी कड गरम झाली. गुणवंतरावांना कुणी बोलावलं नाही.

नोव्हेंबरात चंद्रपूरच्या डॉक्टरनं तपासून लिहून दिलं, की बैठं, हलकं काम जमेल. अठ्ठावीस तारखेला आम्ही डेपोच्या ऑफिसात गेलो. पांढरा धुतलेला सदरा, हातात काठी, मागे ठमाबाई, त्यांच्या मागे लालसू. रेंजर साहेब खुर्चीवर होते. गुणवंतरावांनी हजर होण्याचा कागद टेबलावर ठेवला, शेजारी सर्विस बुक उघडून ठेवलं. पॅडही होता, पण तो त्यांनी कागदांखाली सरकवलेला मला दिसला.

खुशालभाऊ बसले. पेनाचं टोक सदऱ्याच्या कडेला पुसलं. ‘खु’ला वीस सेकंद लागले. ‘ल’ला अकरा. ‘रा’पाशी टोक अडलं, तेव्हा त्यांनी पेन उचललं नाही, नुसते थांबले, श्वास घेतला आणि पुढं गेले. पूर्ण सहीला दोन मिनिटं नऊ सेकंद. शेवटची मात्रा झेंड्याच्या काठीसारखी नव्हती, वाऱ्यानं वाकलेल्या बांबूसारखी होती. पण ती वरच गेली होती.

गुणवंतरावांनी दोन्ही सह्या शेजारी धरल्या. बराच वेळ बघितल्या. “जुळते, साहेब,” म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले.

“हलकं काम स्वतः मागितलं, असा एक कागद लागेल,” साहेब म्हणाले. “दोन साक्षीदार घ्या.”

एक सही गुणवंतरावांनी स्वतः केली. दुसऱ्यासाठी त्यांनी लालसूकडे पाहिलं, मग ठमाबाईंकडे वळले. पॅड कागदांखालून बाहेर आला.

“बाई, तुमी इथी अंगठा लावा.”

“पेन द्या,” ठमाबाई म्हणाल्या.

गुणवंतरावांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. ठमाबाईंनी स्वतःच टेबलावरचं पेन उचललं. त्या उभ्याच होत्या, वाकून लिहू लागल्या. कागद दोन ठिकाणी टोचला गेला. ठ. मा. बा. ई. चार अक्षरं, एकमेकांपासून लांब लांब, बाजाराला निघालेल्या चार बायांसारखी. मग पेन ठेवलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

खुशालभाऊ त्या कागदाकडे बघत होते. डाव्या हाताचं बोट त्यांनी चारही अक्षरांखालून फिरवलं. मग म्हणाले,

“कवा शिकली?”

“तुमी झोपत होते तवा.”

“मले काऊन नाई सांगतलं?”

“तुमी काऊन नाई इचारलं?” ठमाबाई शांतपणे म्हणाल्या. “सत्तावीस वर्षं.”

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. खुशालभाऊ काठी टेकून उठले. भर ऑफिसात, साहेबांसमोर, त्यांनी आपला तो उजवा हात, जो खांद्याच्या वर जात नव्हता, ओढून ओढून वर आणला आणि ठमाबाईंच्या खांद्यावर ठेवला. तसेच त्यांच्या आधारानं बाहेर पडले.

त्यानंतर चार वर्षं खुशालभाऊ डेपोच्या फाटकावर बसले. कोणता ट्रक किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, ते माझ्यात बघून वहीत लिहायचे. अक्षर बाळबोध, पण वाचता येईल असं. तिथंच, दोन ट्रकांच्या मधल्या वेळात, लालसू पहिला विद्यार्थी झाला. पाटी आमच्या घरची. शिकवायच्या ठमाबाई.

अठ्ठ्याऐंशी साली ते निवृत्त झाले. आता आम्ही माजरीला, सत्यशीलाकडे राहतो. ती तिथं शाळेत शिकवते. कोळशाच्या खाणीतली पहिली पाळी सुटली की दुपारी वस्तीतल्या विहारात वर्ग भरतो. पंधरा-वीस माणसं, बायाच जास्त. कुणी कोळशाच्या टोपल्या उचललेल्या, कुणी दगड फोडलेले. त्यांची बोटं लाकडासारखी झालेली. “आमच्यानं पेन्सिल धरवत नाई,” म्हणतात.

अशा माणसाला खुशालभाऊ पाटी देत नाहीत. आधी मला मनगटावरून सोडतात आणि त्याच्या तळहातावर ठेवतात. “पयले याले चावी दे,” म्हणतात.

माझी गत सांगायची तर काचेवर ओरखडे आहेत, पट्टा चौथा आहे. चावीवरच्या रेघा झिजून ती गुळगुळीत झालीय. माजरीचा घड्याळवाला नवी बसवायला तयार होता. खुशालभाऊ नको म्हणाले. गुळगुळीत चावीला पकड जास्त लागते, म्हणजे बोट लवकर तयार होतं. नथ्थू म्हणाला होता ते खोटं नव्हतं, आतले दाते झिजतायत. एक दिवस चावी नुसतीच फिरेल, आत काही भरणार नाही. मी तरीही मनगटावर चालेन, मूळचा आपोआप चालणाराच आहे मी. तोवर या लोकांचं काम व्हावं, एवढंच मागणं आहे.

तुमच्याकडे एक विनंती. तुमच्या घरात, फडताळात, माझ्या जातीचं एखादं घड्याळ बंद पडलं असेल, तर बिघडलं म्हणून टाकू नका. चावी चिमटीत धरा, सावकाश वीस-तीस वेळा फिरवा. आणि घरात आणखी कुणाला काही विचारायचं राहून गेलं असेल, तर तेही विचारून घ्या.

आता मला निघायला हवं. केसरबाई आलीय. साठीची म्हातारी, तीस वर्षं डोक्यावर कोळसा वाहिलेली. काल अकरा फेऱ्यांवर थांबली आणि “मले नाई जमत” म्हणून उठून गेली होती. आज कुणी बोलवायला गेलं नव्हतं. आपण होऊन आलीय. चपला काढल्या, पदराला हात पुसले, खुशालभाऊंपुढं हात पसरला. मी तिच्या तळहातावर आहे.

सात. आठ. नऊ. दहा. अकरा.

थांबली. हात झटकला. पुन्हा चावी धरली.

बारा.